गोरी मुलं कुठे बसतात?

बेलफोर्ड, मिसिसिपी
१२ मार्च १९६६

प्रिय डेलोरिस,

तुझं ख्रिसमसचं कार्ड येऊन अडीच महिने झाले आणि मी आत्ता उत्तर लिहितेय, तेव्हा आधी मला दोन शिव्या देऊन घे. झाल्या? आता नीट वाच, कारण काम तुझ्याशीच आहे.

गुरुवारी आमच्याकडे एक कागद आलाय. गोऱ्यांच्या आणि आपल्या काळ्या लोकांच्या शाळा आता कायद्याने वेगवेगळ्या ठेवता येत नाहीत म्हणे, म्हणून घरोघर हा कागद पाठवतात. त्यावर दोन शाळांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन आहे. टर्नर रोड, म्हणजे मी जाते ती आपली शाळा, आणि बेलफोर्ड हायस्कूल, म्हणजे गोऱ्यांची. मूल जिथे घालायचं त्या नावापुढे फुली मारायची, खाली सही करायची आणि पंधरा एप्रिलच्या आत कचेरीत नेऊन द्यायचा. ममाला तो आधी बियाण्यांच्या जाहिरातीचाच वाटला होता.

पण गेल्या वर्षी गिलम मंडळींनी गोऱ्यांच्या शाळेपुढे फुली मारली. आठवड्याच्या आत मिस्टर गिलमचं काम गेलं आणि महिन्याच्या आत घरमालकाने घर रिकामं करायला लावलं. ते आता कुठे राहतात हे चर्चमध्येही कुणाला ठाऊक नाही. माझे डॅडी मिस्टर स्टॅगरच्या लाकूडगिरणीत आहेत आणि मिस्टर स्टॅगरचा भाऊ शाळासमितीवर आहे. ममा तर त्या गोऱ्यांच्या शाळेच्याच स्वयंपाकघरात अकरा वर्षं पाव भाजतेय. तिकडे फुली मारली तर दोघांच्याही पोटावर पाय. टर्नर रोडपुढे मारली तर पुढच्या वर्षी मला रसायनशास्त्र नाही, कारण आमच्याकडे त्याची प्रयोगशाळाच नाही. आणि मला रसायनशास्त्रच शिकायचंय. मी सोड्यात व्हिनेगर ओतून स्वयंपाकघराचा पडदा खराब केला तेव्हापासून हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

म्हणून ममाने तिसरंच काढलंय. मला शिकागोला ऱ्होडामावशीकडे पाठवायचं आणि तुझ्या शाळेत घालायचं. हा विषय निघाला की डॅडी अंगणात जाऊन उभे राहतात. मला घर सोडायचं नाहीये, पण सोडायचंच असेल तर कशासाठी सोडतेय ते आधी कळलं पाहिजे. तेव्हा कळव: प्रयोगशाळा आहे का? तिथे नळ किती आहेत? कापून शिकायचा बेडूक खरा असतो की चित्रातला? आणि गोऱ्या मुली तुमच्या शेजारी बसतात तेव्हा बोलतात का, आणि काय बोलतात?

तुझी मावसबहीण,
व्हर्नेटा

*

शिकागो
१८ मार्च

प्रिय व्हर्नेटा,

तू येणार हे वाचून मी पलंगावर उड्या मारल्या आणि खालच्या मिसेस टिबलनी छताला झाडू ठोकला. माझ्या खोलीत दुसरी खाट बसते, मी मोजून पाहिलं. कपाटाचा डावा अर्धा भाग तुझा. उजव्या बाजूला हात लावायचा नाही.

अगं, कागद कसला भरताय? इथे असलं काही नसतं. इथे कायदाबियदा मधे येत नाही, ज्याला जी शाळा जवळ ती त्याची. कुणी विचारत नाही, कुणी यादी करत नाही. तुम्ही अजून जुन्या काळात राहताय, त्यात तुझा काही दोष नाही.

प्रयोगशाळा आहे आणि चांगली लांबलचक आहे. नळ किती ते मोजायला मी काही तुझ्यासारखी वेडी नाही, पण प्रत्येक टेबलाला एक तरी असणारच. पोहण्याचा तलावही आहे. ग्रंथालयाच्या खिडक्या दोन मजले उंच आहेत, खालून बघितलं तर मान दुखते. बेडूक खरा असतो. गोऱ्या मुली सगळ्यांशी बोलतात तशाच बोलतात, त्यात सांगण्यासारखं काय आहे?

इमॉजीनमावशीला सांग, तुझ्या कोटाला अस्तर जाड लाव. इथला वारा हाडात शिरतो. बाकी काही आणू नकोस, बोलताना तो तुमचा हेल तर मुळीच नको. दोन महिन्यांत मी तुला शहरातली करून सोडते.

सोबत आमच्या वर्गाचा फोटो पाठवतेय. दुसऱ्या रांगेत नवा बो लावलेली मी.

तुझी,
डेलोरिस

*

बेलफोर्ड
२४ मार्च

प्रिय डेलोरिस,

फोटो खूप आवडला. बो जरा मोठा आहे, पण तुझं डोकंही काही लहान नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर मी तो फोटो घेऊन बसले. ममा कोटाचं कापड बेतत होती आणि मी भिंगातून एकेक चेहरा बघत होते. आता काही गोष्टी मला कळत नाहीत, त्या तू समजावून सांग. मी भांडत नाहीये, फक्त विचारतेय.

फोटोत अठ्ठेचाळीस मुलं आहेत. मी दोनदा मोजली. त्यात गोरा चेहरा एकही नाही. त्या दिवशी ती सगळी आजारी होती का? गोरी मुलं तुमच्याकडे बसतात कुठे?

दुसरं. तुमच्या मागे एक लांबट पत्र्याची खोली दिसते. तिला लाकडी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या बाजूला मला चाक दिसतंय. शाळेत चाकांची खोली कशाला?

तिसरं. ख्रिसमसच्या कार्डात तू लिहिलं होतंस की दुपारी बाराला घरी येऊन तू रेडिओ ऐकत बसतेस. आमची शाळा गरीब असली तरी तीनपर्यंत असते. तुमची अर्ध्या दिवसातच कशी उरकते?

इकडची बातमी अशी की सोमवारी मिस्टर स्टॅगर गिरणीत डॅडींजवळ आले, हवापाण्याचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, तुझी पोर हुशार आहे म्हणतात, काय ठरवलंय तिचं? डॅडी म्हणाले, तिच्या मावशीकडे पाठवायचं चाललंय. त्यावर मिस्टर स्टॅगर फार खूश झाले आणि त्यांनी डॅडींना सिगारेट दिली. डॅडींनी ती घरी आणून चुलीत टाकली.

आमच्या विज्ञानाच्या मिस प्रूइटना मी विचारलं, कुठे फुली मारू? त्यांच्याकडे उपकरणं नाहीत म्हणून त्या रंगीत खडूंनी सगळी फळ्यावर काढतात. त्यांची परीक्षानळी बघून हात लावावासा वाटतो. त्या म्हणाल्या, तुझ्यासारखी पाचसात मुलं उठून गेली तर ही शाळा बंद करायला त्यांना निमित्तच हवंय. मग थोडा वेळ फळा पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, तरी माझ्यासाठी थांबू नकोस.

उत्तर लवकर दे. तू सांगशील त्यावर माझं जाणं ठरणार आहे.

व्हर्नेटा

*

शिकागो
२९ मार्च

व्हर्नेटा,

तू माणूस आहेस की पोलीस? तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की ते फाडणार होते. मग नाही फाडलं. दोन दिवस नीट जेवले नाही, ममाला वाटलं दात दुखतोय.

मी खोटं बोलले. पूर्ण नाही, पण बरंचसं. प्रयोगशाळा, तलाव, उंच खिडक्या हे सगळं आहे, पण ते व्हिटफील्ड हायस्कूलमध्ये. ती शाळा आमच्यापासून बारा चौकांवर आहे आणि मी ती फक्त बसमधून बघितली आहे. माझी शाळा भरून सांडलेली आहे, म्हणून ती दोन पाळ्यांत चालते. मी सकाळच्या पाळीत. तरी मुलं मावत नाहीत म्हणून मैदानावर चाकांच्या पत्र्याच्या खोल्या आणून ठेवल्यात. मी त्यातल्याच एकीत बसते. पाऊस पडला की बाईंचं बोलणं ऐकू येत नाही, मग आम्ही नकाशे रंगवतो. बेडूक वगैरे काही नाही.

का खोटं बोललीस म्हणून विचारू नकोस. ममा कामावरून सहाला येते. बारा ते सहा मी एकटी असते. तू आलीस तर मी एकटी नसेन, एवढंच होतं.

पण तुझा तो प्रश्न डोक्यातून जाईना. गोरी मुलं कुठे बसतात? मी इथेच जन्मले आणि हे कधी विचारलंच नाही. आमच्याकडे तुमच्यासारखा कागद नाही, पाटी नाही, मग ती जातात कुठे? म्हणून काल ऑफिसात जाऊन मी आमच्या शाळेच्या हद्दीचा नकाशा बघायला मागितला. भूगोलासाठी हवाय म्हणाले. हद्द रेल्वेरुळाने सरळ जाते. लॉरी स्ट्रीटला मात्र एकदम वळते, दोन इमारतींना वळसा घालून त्यांना आमच्या बाजूला घेते आणि परत रुळावर येते. त्या दोन इमारतींत आपली माणसं दोन वर्षांपूर्वी राहायला आली. त्याआधी त्या व्हिटफील्डच्या हद्दीत होत्या, हे नकाशावर जुन्या पेन्सिलीने दिसतंय. नीट खोडलंही नाही कुणी.

तर गोरी मुलं सगळी तिकडे, व्हिटफील्डमध्ये बसतात. हे इमॉजीनमावशीला सांगू नकोस. खाट मी आणलीसुद्धा.

डेलोरिस

*

बेलफोर्ड
२ एप्रिल

प्रिय डेलोरिस,

ममाला सांगितलं नाही. कोटाच्या बाह्या लागल्या, आता काज करायची राहिलीत. ती शिवताना गुणगुणते आणि मला गप्प राहवत नाही.

तुझा राग आला, पण अर्धा दिवसच. नंतर त्या नकाशाचा विचार करत बसले. तुमची शाळा भरून सांडते, मग व्हिटफील्डही भरलेली आहे का? ती भरलेली असेल तर त्यांनी तरी कुठे घालायचं तुम्हाला? पण ती रिकामी असेल तर गोष्टच वेगळी. हे बसमधून कळणार नाही, आत जाऊन मोजावं लागेल.

मी इथे आत जाऊन आले. शुक्रवारी ममाची कंबर धरली होती म्हणून पिठाचे डबे उचलायला मी तिच्याबरोबर गेले, मागच्या दाराने. ममा भट्टीपाशी गुंतली तशी मी बोळातून पुढे सरकले. तिसरं दार प्रयोगशाळेचं, उघडंच होतं. डेलोरिस, मला तिथली प्रत्येक वस्तू ओळखू आली. चंचुपात्र, नरसाळं, ब्युरेट, सगळं मिस प्रूइट काढतात तस्संच. फक्त खऱ्या ब्युरेटला खडूची पूड नव्हती. नळ चौदा आहेत.

आत एक गोरी मुलगी काचा धूत होती, माझ्याच वयाची. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायची परवानगी नाही." मी म्हटलं, बरं. मी वळले तशी तिने विचारलं, "तूच का ती फुली मारणार आहे म्हणतात ती?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तिने आणखी एक नळी धुतली आणि आमच्याकडे बेडूक कापतात का ते विचारलं. आमच्याकडे बेडकाचं चित्र आहे, मी सांगितलं.

"काही बिघडत नाही," ती म्हणाली. "खऱ्याचा वास हातावरून तीन दिवस जात नाही."

मग तिने ब्युरेट उचलली आणि म्हणाली, हे लांब नळकांडं कुठे ठेवतात कोण जाणे. मी त्या नळकांड्याचं नाव सांगितलं. तेवढ्यात ममाने हाक मारली आणि मी पळाले. ममाने सगळं पाहिलं होतं. घरी येईपर्यंत ती माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली.

तर आता तुझी पाळी. किती खोल्या, किती मुलं, किती रिकाम्या. तेरा दिवस उरलेत.

व्हर्नेटा

*

शिकागो
८ एप्रिल, गुड फ्रायडे

प्रिय व्हर्नेटा,

मोजल्या.

बुधवारी बारा वाजता मी माझ्या पाळीतून सुटले आणि चालत व्हिटफील्डला गेले. एका कागदावर मोठ्या माणसाच्या अक्षरात लिहून नेलं होतं: कृपया या मुलीबरोबर दक्षिण अमेरिकेचा भिंतीवरचा नकाशा द्यावा. दारावरच्या माणसाने ते वाचून भूगोलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून सांगितलं. खालच्या मजल्यापासून सुरुवात केली. दारांना काचा आहेत त्यामुळे मोजणं सोपं गेलं. एका वर्गात चोवीस, एकात बावीस, एकात सव्वीस. इतक्या कमी मुलांत बोललेलं सगळ्यांना ऐकू येत असेल, मला सारखं तेच वाटत होतं.

तिसऱ्या मजल्यावर सात खोल्यांना कुलूप होतं. काचेतून बघितलं तर बाकांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या, सगळ्यांवर धूळ. सात खोल्या, व्हर्नेटा, आणि आमच्याकडे चाकांच्या खोल्या सहा आहेत. मी सातवीपाशी उभी होते तेव्हा ऑफिसातली बाई आली. तिने आवाजही चढवला नाही. मला गोड हसून म्हणाली, "तू चांगली मुलगी दिसतेस, पण तू इथली नाहीस." मी विचारलं, या खोल्या कुणासाठी ठेवल्यात? ती म्हणाली, ते आपण ठरवत नाही.

मग ममाला कामावरून बोलावलं. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. बसमध्ये ममा समोर बघत बसली होती. चार थांबे गेल्यावर तिने विचारलं, किती खोल्या रिकाम्या? मी म्हटलं, सात. घरी आल्यावर मी तिला तुझी सगळी पत्रं दाखवली. माफ कर, पण दाखवली. तिने त्याच संध्याकाळी मावशीला पत्र लिहायला घेतलं. ते सोबत आहे. ते मावशीच्याच हातात दे.

म्हणजे आता तू येणार नाहीस. मला कळतंय ते.

डेलोरिस

*

शिकागो
८ एप्रिल

इमॉजीनताई,

तू व्हर्नेटाला पाठवतेस हे कळलं तेव्हा मी हो म्हटलं आणि मग आठ रात्री मला झोप आली नाही. आता का ते लिहिते.

सोळा वर्षांपूर्वी मी गाडीत बसले तेव्हा तू स्टेशनवर म्हणालीस, तिकडे तुझ्या मुलांना तरी बरी शाळा मिळेल. त्यानंतर दर ख्रिसमसला मी तुला लिहीत आले, हो, मिळाली. काय लिहिणार होते? मी सगळ्यांना सोडून इथे आले, तू मागे राहून आईची सेवा केलीस, आणि मी तुला सांगू की माझी पोर पत्र्याच्या खोलीत अर्धा दिवस बसते? मला लाज वाटायची. ती माझी लाज नव्हती हे मला परवा बसमध्ये कळलं.

व्हर्नेटा आली तर मला आनंदच आहे, तिच्या वाटची भाकरी माझ्या घरात कधी कमी पडणार नाही. पण रसायनशास्त्रासाठी पाठवत असशील तर ते इथे नाही. तुझ्या गावात ते अर्ध्या मैलावर आहे. तिथे जायला काय मोजावं लागतं ते तुलाच माहीत, मी इथून सांगणारी कोण? पण निदान खरं काय ते कळून ठरव.

तुझी धाकटी,
ऱ्होडा

*

बेलफोर्ड
१५ एप्रिल

प्रिय डेलोरिस,

ममाने मावशीचं पत्र उभ्यानेच वाचलं. वाचताना एकदा हसली, मग खुर्चीत बसून रडली, मग उठून भाजीत मीठ घातलं. ते दुसऱ्यांदा घातलं हे आम्हाला जेवताना कळलं आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

जेवण झाल्यावर डॅडींनी तो कागद टेबलावर पसरला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बारीक अक्षरंसुद्धा. त्यात एक गोष्ट अशी आहे जी आमच्यापैकी कुणीच नीट वाचली नव्हती. मूल पंधरा वर्षांचं असेल, आणि मी आहे, तर त्याने स्वतः सही केली तरी चालते. आईबापांनी केलीच पाहिजे असं नाही. डॅडींनी चष्मा काढला आणि म्हणाले, मिस्टर स्टॅगरनी विचारलं तर मी म्हणेन, मी अडाणी माणूस, साहेब, पोरीने परस्पर भरला, सरकारच तसं करू देतंय, मी काय करू? ममा म्हणाली, त्याला ते खरं वाटणार आहे का? डॅडी म्हणाले, वाटणार नाही, पण मला कामावरून काढायला त्याला दुसरं कारण शोधावं लागेल, आणि तो आळशी आहे.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला तिथे शिकायचंय, की फक्त आत काय आहे ते बघायचंय? खरं सांग. बघायचंच असेल तर त्यासाठी एवढं नको."

मी विचार केला. मला भीती वाटते, डेलोरिस, तुला म्हणून सांगते. ज्याला त्याला प्रश्न विचारणारी मी, पण तिथे मला कुणी उत्तरच दिलं नाही तर? मी म्हटलं, शिकायचंय. पण तुमचं काम जाणार असेल तर नको.

तेव्हा ममा बोलली. "अकरा वर्षं मी त्यांच्या पोरांना वाढतेय. कुणाला किती भूक लागते ते मला ठाऊक आहे. माझी पोरही त्यांच्यात बसून जेवेल. कर सही."

मी फुली मारली. सही घाईत केली म्हणून 'टा' जरा वर गेलाय. आज सकाळी कामावर जायच्या आधी डॅडी कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आले, कचेरीत जाऊन कागद मी एकटीनेच दिला. तिथल्या माणसाने तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, ही सही कुणाची? मी म्हटलं, माझी.

खाट परत देऊ नकोस, मी सुट्टीत येईन.

व्हर्नेटा

*

शिकागो
७ सप्टेंबर

प्रिय व्हर्नेटा,

तुझ्या ममाला मे महिन्यातच कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं, हे तू मला कळवलंच नाहीस. ममाकडून कळलं. तुझ्या डॅडींना करवतीवरून काढून बाहेर उन्हात ओंडके रचायला लावलं हेही कळलं. जुलैत तू इथे दोन आठवडे राहिलीस, माझ्या खोलीत झोपलीस, व्हिटफील्डच्या खिडक्या बघायला माझ्याबरोबर आलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. तुला पोलीस म्हणण्याचा मला हक्क होता तसा लबाड म्हणण्याचाही आहे.

आमच्याकडे ममा आणि आणखी अकरा आया मे महिन्यात शाळाखात्यात गेल्या. सात खोल्या आहेत म्हणून सांगितलं. त्यांना कॉफी देऊन तक्रार नोंदवून घेतली. काल शाळा सुरू झाली. चाकांच्या खोल्या सहाच्या आठ झाल्यात. मी अजून सकाळच्याच पाळीत आहे. रसायनशास्त्र या वर्षी आहे, पण पुस्तकं नोव्हेंबरात येणार म्हणतात, आणि बाई आजारी आहेत.

तुमच्याकडे निदान फुली मारायला चौकोन होता. इथे मी कुठे सही करू ते कुणी सांगत नाही. मला तुझा हेवा वाटतो, आणि इकडचं सगळं ऐकल्यावर हेवा वाटल्याची लाजही वाटते.

बारा ते सहा मी रिकामी असते. तुझ्या वहीतलं काही मला पाठवशील का? काहीही चालेल. मी मन लावून वाचेन.

डेलोरिस

*

बेलफोर्ड
१४ सप्टेंबर

प्रिय डेलोरिस,

ममाचं सांगितलं नाही कारण तू रडली असतीस आणि मग मीही. ती आता घरीच केक आणि पाव करते. चर्चमधले सगळे घेतात, दोन गोऱ्या बायकासुद्धा मागच्या दाराशी येऊन नेतात. त्यांच्या मुलांना शाळेतला नवा पाव आवडत नाही म्हणे.

सव्वाचारशे मुलांत आपले आम्ही तिघंच आहोत, बाकीचे दोघं खालच्या वर्गात. जेवायला मी बसते त्या टेबलावर दुसरं कुणी बसत नाही. बोळात धक्का मारून पुस्तकं पाडतात, मी उचलते. पहिल्या आठवड्यात रोज घरी येऊन उशीत तोंड घालून रडले, हे फक्त तुला. ती काचा धुणारी मुलगी माझ्याच वर्गात आहे. ती बघते आणि मान फिरवते. तिला अजून परवानगी मिळाली नसावी.

प्रयोगशाळेत चार जणांचं एक टेबल असतं. मी माझ्या टेबलावर एकटी आहे, त्यामुळे पसरून बसता येतं. कालच मी मिस प्रूइटकडून कार्बनचा कागद मागून आणला. त्यांनी दहा दिले आणि संपले की आणखी ने म्हणाल्या. आता वहीत लिहिते ते खाली दुसऱ्या कागदावर आपोआप उमटतं. वरचा माझा, खालचा तुझा. शेजारी कुणी नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही की ही दोनदोन का लिहिते.

सोबत पहिले तीन धडे आहेत, ते आधीचे म्हणून हाताने उतरवलेत. पहिला मोजमापांचा, दुसरा मिश्रणं आणि संयुगं, तिसरा सगळ्यात चांगला, तो ज्वलनाचा. ब्युरेटचं चित्र मी खडूच्या पद्धतीने काढलंय. एकदम पुढे जाऊ नकोस, आधी पहिला पक्का कर. प्रत्येक धड्याखाली मी जागा सोडली आहे. जे कळणार नाही ते तिथे लिही आणि पान परत पाठव. दुपारी वेळ आहे तुझ्याकडे, भरपूर प्रश्न काढ.

माझ्याकडे उत्तर नसेल तर मी मिस्टर बॉइडना विचारेन. ते इथले रसायनशास्त्राचे शिक्षक. मी हात वर केला की आधी वर्गभर नजर फिरवतात, दुसरा कुणाचा हात दिसतो का म्हणून. नसला की माझं नाव घेतात. घ्यावंच लागतं, त्यांच्या हजेरीत आहे ते. उत्तर देताना ते माझ्याकडे बघत नाहीत, खिडकीकडे बघून बोलतात. पण मी पुस्तकाशी ताडून बघितलंय, डेलोरिस. उत्तर बरोबर देतात.

तुझी,
व्हर्नेटा